वस्तू किती जुनी आहे, हे इंग्रजीत नेमकं कसं सांगायचं?

पुण्यात घर बदलायचं असो, वाडा पुनर्विकासाला जायचा असो किंवा नुसता माळा आवरायला काढलेला असो, निघालेल्या सामानाचं करायचं काय हा प्रश्न ठरलेलाच. हल्ली त्याचं उत्तर बहुतेक वेळा मोबाइलवरच्या जाहिरातीत सापडतं. फोटो काढायचा, खाली दोन ओळी इंग्रजीत टाकायच्या, झालं. घेणारा हिंजवडीत नोकरीला आलेला कोचीचा मुलगा असतो किंवा कोरेगाव पार्कात भाड्याने राहणारी परदेशी बाई. फोटो चांगला येतो, पण त्या दोन ओळींपाशी घोडं अडतं. 'व्हेरी ओल्ड कपबोर्ड, गुड कंडिशन' एवढं लिहून आपण मोकळे होतो आणि समोरच्याला त्यातून काहीच कळत नाही. कपाट दहा वर्षांचं आहे की सत्तर? जुनं म्हणून मोलाचं, की जुनं म्हणून मोडकळीला आलेलं?

शनिवारवाड्यापाशी पाहुण्याने काही विचारलं तरी हीच अडचण येते. दुरुस्तीवाल्या कंपनीच्या हेल्पलाइनवर फ्रिजचं वय सांगायचं असलं तरी तीच. शब्द येत नसतात असं नाही. मराठीतला 'जुना' हा एकच शब्द चार-पाच कामं करतो, आणि बोलताना आपल्याला ती वेगळी काढायची वेळच येत नाही. इंग्रजीत मात्र त्या प्रत्येक कामाला वेगळा वाक्प्रयोग आहे. म्हणून आधी काय सांगायचंय ते ठरवायचं आणि मग शब्द निवडायचा. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका गोष्टीवर उभ्या आहेत.

पहिली पायरी: 'जुना' म्हणजे कुठला जुना?

तोंड उघडण्याआधी स्वतःला विचारा. मला वर्षं सांगायची आहेत का? वस्तूची अवस्था सांगायची आहे का? ती कुठल्या काळातली आहे ते सांगायचंय का? की फक्त 'आधीची' एवढंच म्हणायचंय?

हा शेवटचा अर्थ हमखास घोटाळा करतो. 'माय ओल्ड स्कूटर' म्हटलं की ऐकणारा बहुतेकदा असंच समजतो की ती स्कूटर तुम्ही विकून टाकली आणि आता दुसरी घेतली. स्कूटर अजून दारात उभी असेल आणि तिचं वय सांगायचं असेल, तर 'माय स्कूटर इज क्वाइट ओल्ड' म्हणा. 'माय ओल्ड ऑफिस' म्हणजे पूर्वी जिथे काम करत होतो ते ऑफिस. ते काचेच्या नव्याकोऱ्या इमारतीत असलं तरी ओल्डच.

दुसरी पायरी: वर्षं सांगताना

सगळ्यात सरळ वाक्य हे: 'इट इज टेन इयर्स ओल्ड.' आपण 'दहा वर्षांचा' म्हणतो, त्यामुळे 'इट इज ऑफ टेन इयर्स' असं तोंडात येतं. ते चूक आहे. नुसतं 'इट इज टेन इयर्स' हेही अर्धवट राहतं. शेवटचा 'ओल्ड' गाळायचा नाही.

इथे एक शंका अनेकांना येते. वस्तू नवी असताना तिला 'ओल्ड' कसं म्हणायचं? बिनधास्त म्हणा. आकड्याच्या मागे आलेला 'ओल्ड' वस्तूला जुनं ठरवत नाही, फक्त वय मोजतो. 'द फ्रिज इज ओन्ली थ्री मन्थ्स ओल्ड' हे अगदी बरोबर वाक्य आहे, आणि वॉरंटीचं काम असेल तर हेच वाक्य हवं.

हेच वय नामाच्या आधी आणलं की रूप बदलतं: 'अ टेन-इयर-ओल्ड स्कूटर'. इथे 'इयर'ला 'स' लागत नाही आणि लिहिताना तिन्ही शब्द छोट्या आडव्या रेघांनी जोडतात. 'स्कूटर इज टेन इयर्स ओल्ड', पण 'टेन-इयर-ओल्ड स्कूटर'. ही जोडी मोठ्याने पाच-सहा वेळा म्हणा, कारण 'टेन इयर्स ओल्ड स्कूटर' ही चूक नीट इंग्रजी बोलणाऱ्यांच्या तोंडूनही निघते. महिने, आठवडे, दिवस यांनाही हाच नियम लागतो: 'अ सिक्स-मन्थ-ओल्ड फोन'. आठ, अकरा, अठरा आणि ऐंशी यांच्याआधी 'अ' न येता 'ॲन' येतं, कारण हे इंग्रजी आकडे स्वराने सुरू होतात: 'ॲन एट-इयर-ओल्ड फ्रिज'.

विचारताना 'हाउ ओल्ड इज इट?' पुरे. 'व्हॉट इज द एज ऑफ युवर फ्रिज?' हे चुकीचं नाही, पण फॉर्म भरून घेतल्यासारखं वाटतं. तुलना करताना वस्तूंना 'ओल्डर' लावा. 'एल्डर' हा शब्द माणसांसाठी आहे, तोही मुख्यतः घरातल्या नात्यांसाठी. मंडईची इमारत 'एल्डर' होत नाही.

तिसरी पायरी: वस्तूचं वय आणि तुमच्याकडे असण्याचं वय

ही पायरी सोडू नका. जाहिरातीतले निम्मे गैरसमज इथेच होतात.

'ही स्कूटर माझ्याकडे दहा वर्षं आहे' याचं इंग्रजी आपल्याकडे सर्रास 'आय ॲम हॅविंग धिस स्कूटर सिन्स टेन इयर्स' असं होतं. त्यात दोन चुका आहेत. मालकी सांगताना 'हॅविंग' नको, 'आय हॅव हॅड' हवं. आणि 'सिन्स'च्या पुढे काळाची लांबी येत नाही, सुरुवातीचा क्षण येतो. म्हणून 'आय हॅव हॅड धिस स्कूटर फॉर टेन इयर्स', नाहीतर 'आय हॅव हॅड धिस स्कूटर सिन्स 2014'. मराठीत 'दहा वर्षांपासून' आणि '2014 पासून' दोन्हीकडे 'पासून'च येतं, त्यामुळे गल्लत होते. साधी खूण लक्षात ठेवा: कॅलेंडरवर बोट ठेवता येत असेल तर 'सिन्स', नाहीतर 'फॉर'.

'दहा वर्षांपूर्वी घेतली' याला 'बिफोर टेन इयर्स' म्हणू नका. 'आय बॉट इट टेन इयर्स अगो' म्हणा. 'टेन इयर्स बॅक' भारतात सगळीकडे चालतं आणि बोलण्यात खपून जातं. लिहिताना 'अगो'च बरं.

वस्तू तुम्हीच सेकंडहँड घेतलेली असेल तर दोन्ही वयं वेगवेगळी सांगा: 'द स्कूटर इज फिफ्टीन इयर्स ओल्ड, बट आय हॅव हॅड इट फॉर फोर.' वाहनाच्या बाबतीत तर हे अगदी प्रामाणिकपणे सांगायला हवं. आपल्याकडे गाडीचं वय पहिल्या नोंदणीपासून धरतात. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षं चालते आणि पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. म्हणून 'ओल्ड बट गुड' असं मोघम लिहिण्यापेक्षा 'फर्स्ट रजिस्टर्ड इन मार्च 2012' लिहा. घेणारा उरलेली वर्षं स्वतः मोजतो आणि तुमच्यावर विश्वासही ठेवतो.

याच संदर्भात 'माइलेज' हा शब्द जपून वापरा. आपल्याकडे माइलेज म्हणजे लिटरमागे किती किलोमीटर. जुन्या गाडीच्या संदर्भात परदेशी माणसाला 'हाय माइलेज' सांगितलं, तर तो समजेल की गाडी खूप पळाली आहे आणि झिजली आहे. तुम्ही कौतुक म्हणून सांगाल आणि तो काढता पाय घेईल. 'इट हॅज डन फॉर्टी थाउजंड किलोमीटर्स' असं सरळ सांगितलं की प्रश्न मिटला.

चौथी पायरी: अंदाज सांगताना

दीड, अडीच, पावणेदोन हे आपले लाडके आकडे इंग्रजीत थोडे पसरतात. दीड वर्षाचा म्हणजे 'अ इयर अँड अ हाफ ओल्ड', अडीच वर्षांचा म्हणजे 'टू अँड अ हाफ इयर्स ओल्ड'. पावणेदोनला बोलताना 'नियरली टू इयर्स ओल्ड' आणि सव्वाला 'जस्ट ओव्हर अ इयर ओल्ड' पुरतं.

'वीसेक वर्षांचा' याला 'अबाउट ट्वेन्टी इयर्स ओल्ड' किंवा 'ट्वेन्टी इयर्स ऑर सो'. वीसच्या वर, पण नक्की किती ते ठाऊक नाही, असं असेल तर 'ट्वेन्टी-ऑड इयर्स ओल्ड'. 'चांगलं तीस वर्षांचं आहे' हा आपला जोर इंग्रजीत जसाच्या तसा आहे: 'अ गुड थर्टी इयर्स ओल्ड'. चाळिशीला टेकलेल्या वस्तूला 'गेटिंग ऑन फॉर फॉर्टी'. दशक सांगायचं तर 'फ्रॉम द नाइन्टीन-सेव्हन्टीज', त्यातही 'अर्ली', 'मिड' किंवा 'लेट' लावलं की अंदाज आणखी नेमका होतो.

घरातली मोठी माणसं साल सांगत नाहीत, प्रसंग सांगतात. 'आजीच्या लग्नातली परात', 'पानशेतच्या पुराआधीची शिवणयंत्राची पेटी'. ही मोजणी इंग्रजीत टाकून देऊ नका, फक्त तिला साल जोडा. पानशेतचं धरण फुटलं 12 जुलै 1961 रोजी. पुणेकराला ते सांगावं लागत नाही, बाहेरच्याला लागतं: 'इट प्रीडेट्स द ग्रेट फ्लड ऑफ 1961.' 'प्रीडेट्स' म्हणजे 'त्याच्या आधीचं आहे', आणि हे क्रियापद अशा ठिकाणी फार कामाला येतं.

पाचवी पायरी: वाडे, पूल, लेणी, कॉलेजं

पाहुणे आले की आपण सगळेच थोडे गाइड होतो. इथे तीन वाक्यं हाताशी असली की पुष्कळ झालं.

पहिलं, 'इट वॉज बिल्ट इन 1732.' शनिवारवाड्याचा पाया 1730 साली बाजीरावांनी घातला आणि 1732 मध्ये वास्तुशांत झाली. साल म्हणताना दोन-दोन आकडे तोडा: 'सेव्हन्टीन थर्टी-टू'. विश्रामबागवाड्याच्या 1807 ला 'एटीन ओ सेव्हन'.

दुसरं, 'इट डेट्स बॅक टू द एट्थ सेंचुरी.' नक्की साल माहीत नसलेल्या, फार पूर्वीच्या गोष्टीला हे वाक्य शोभतं, जंगली महाराज रस्त्यावरच्या पाताळेश्वर लेण्याला तर नेमकं बसतं. वास्तू आज उभी असेल तर क्रियापद वर्तमानकाळातच ठेवायचं. 'डेटेड बॅक' नको. 'इट डेट्स फ्रॉम द राष्ट्रकूट पीरियड' असंही म्हणता येतं.

तिसरं, 'ॲन एटीन्थ-सेंचुरी पॅलेस'. यात शतक विशेषणासारखं आधी येतं. शतकाचा आकडा सालापेक्षा एकाने पुढे असतो हे मराठीतही खरं आहे, पण इंग्रजीत घाईघाईत 1730 ला 'सेव्हन्टीन्थ सेंचुरी' म्हटलं जातं. सतरावं शतक शिवाजी महाराजांचं, अठरावं पेशव्यांचं, एवढं धरून ठेवलं की पुण्यात तरी चुकायला होत नाही.

आता जरा खोलात जाऊ, कारण वास्तूचं वय सांगताना खरं बोलणं वाक्यरचनेइतकंच महत्त्वाचं आहे. शनिवारवाडा 1732 चा म्हणून सांगितला आणि पाहुणा आत जाऊन महाल शोधायला लागला, तर काय? 1828 साली आगीत आतल्या बहुतेक इमारती गेल्या. म्हणून पुढचं वाक्यही हवं: 'मोस्ट ऑफ इट वॉज डिस्ट्रॉइड बाय फायर इन 1828, द वॉल्स अँड द गेटवेज सर्व्हाइव्ह.' हा 'सर्व्हाइव्ह' म्हणजे 'टिकून आहेत', आणि इमारतींच्या संदर्भात तो फार नेमका शब्द आहे. लालमहालाचं आणखी वेगळं. महाराजांचं बालपण गेलं तो महाल आज नाही, आज दिसते ती विसाव्या शतकात उभारलेली वास्तू. 'द ओरिजिनल वॉज बिल्ट इन द सेव्हन्टीन्थ सेंचुरी. व्हॉट यू सी टुडे इज अ मॉडर्न रिकन्स्ट्रक्शन.' हे सांगितल्याने लालमहालाचा मान तसूभरही कमी होत नाही. सांगणाऱ्यावरचा विश्वास मात्र वाढतो.

संस्था आणि इमारत यांच्यातही फरक करा. फर्ग्युसन कॉलेज 'वॉज फाउंडेड इन 1885', पण तिथली दगडी मुख्य इमारत नंतर उभी राहिली, तिला 'बिल्ट' लावायचं. बाजार, पूल, मेट्रो यांना 'ओपन्ड': मंडई 'ओपन्ड इन 1886', पुणे मेट्रो 'ओपन्ड इन मार्च 2022'.

सहावी पायरी: अवस्था सांगताना

वय कळलं, तरी घेणाऱ्याला दुसरी गोष्ट हवी असते: वस्तू कशी राहिली आहे? मागे सदाशिव पेठेतल्या शेजारच्या काकूंचं सागवानी कपाट विकायला काढलं होतं, तेव्हा हा सगळा शब्दसंग्रह एकाच जाहिरातीत वापरायला मिळाला.

"काकू, कधीचं आहे हे?"

"अरे, सासूबाईंच्या लग्नातलं. बावन्न सालचं. लिही ना, एकदम ब्रँड न्यू कंडिशन. मी रोज पुसते."

काकूंची निगा खरी होती, पण 'ब्रँड-न्यू' म्हणजे वापरलेलंच नाही, खोक्यातून काढलेलं. 1952 च्या कपाटाला ते लावलं की वाचणारा पुढे वाचतच नाही. 'ॲज गुड ॲज न्यू' म्हणजे वापरलेलं, पण नव्यासारखंच. तेही जमेना, कारण आरशाचा पारा कडेने उडाला होता आणि खालच्या खणाची पितळी मूठ मोडून तिथे स्टीलची बसवलेली होती. 'वेल-लुक्ड-आफ्टर' म्हणजे नीट निगा राखलेलं, आणि हाच काकूंचा शब्द होता. शेवटी मजकूर असा झाला: 'सॉलिड टीक कपबोर्ड, मेड इन 1952, इन द सेम फॅमिली एव्हर सिन्स. स्टर्डी अँड वेल-लुक्ड-आफ्टर. सम साइन्स ऑफ एज: द मिरर हॅज डार्क स्पॉट्स, वन हँडल इज अ रिप्लेसमेंट. लॉक अँड की वर्क.' 'साइन्स ऑफ एज' हा वाक्प्रयोग लक्षात ठेवण्याजोगा आहे. दोष लपवत नाही, पण तो दोष वयाचा आहे, हलगर्जीपणाचा नाही, हे त्यातून कळतं.

खालच्या पायरीच्या वस्तूंसाठी 'वर्न' म्हणजे झिजलेलं, 'वर्न-आउट' म्हणजे वापरण्यापलीकडे झिजलेलं. या दोघांत बरंच अंतर आहे. 'इट हॅज सीन बेटर डेज' म्हणजे पूर्वी चांगलं होतं, आता तसं राहिलं नाही. हे बोलताना सौम्य वाटतं आणि दुसऱ्याच्या वस्तूबद्दलही म्हणता येतं. 'ऑन इट्स लास्ट लेग्ज' म्हणजे आज-उद्या बंद पडणार. मिक्सर, पंखा, बॅटरी यांना हे छान बसतं. कापड विरलं असेल तर 'थ्रेडबेअर', रंग उडाला असेल तर 'फेडेड', ट्रंकेतल्या कपड्यांना कोंदट वास येत असेल तर 'मस्टी'. 'प्री-ओन्ड' हा शब्द दुकानदार वापरतात. घरच्या जाहिरातीत 'यूज्ड' किंवा 'सेकंड-हँड' जास्त सरळ आणि जास्त विश्वासाचं वाटतं.

'अँटिक' हा शब्द मात्र विचार करून लिहावा. बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात तो सढळ हाताने वापरतात, पण त्याला वजन आहे. 1972 च्या पुरावस्तू कायद्यानुसार किमान 100 वर्षं जुनी वस्तू पुरावस्तूत मोडू शकते. हस्तलिखितं आणि महत्त्वाच्या कागदपत्रांसाठी ही मर्यादा 75 वर्षांची आहे. अशा वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाहीत, म्हणून परदेशी गिऱ्हाइकाला 'अँटिक' सांगताना दोनदा विचार करा. काकूंचं कपाट अँटिक नाही, त्याला 'विंटेज' चालेल. फर्निचरमध्ये 'विंटेज'ची हद्द सैल आहे. गाड्यांच्या बाबतीत मात्र 2021 च्या केंद्रीय नियमांत पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षांहून जुन्या दुचाकी-चारचाकीलाच विंटेज म्हटलं आहे. चेतक 1972 साली आली, तेव्हा अगदी सुरुवातीच्या चेतकच त्या वयाला पोचल्या आहेत. पिढ्यानपिढ्या घरात आलेल्या दागिन्याला, देव्हाऱ्याला 'फॅमिली एअरलूम' म्हणतात, आणि थोरल्या भावाचा शर्ट धाकट्याला आला तर 'हँड-मी-डाउन'.

विशेषणं एकापुढे एक लावताना आधी मत, मग आकार, मग वय, मग रंग, मग साहित्य: 'अ लव्हली बिग ओल्ड ब्राउन टीक कपबोर्ड'. 'टीक ओल्ड बिग' केलं तर अर्थ कळेल, पण कानाला खटकेल. सरावासाठी राजा केळकर संग्रहालयासारखी जागा नाही. तिथला एकेक दिवा, एकेक अडकित्ता बघायचा आणि त्याचं वय, साहित्य, अवस्था एका वाक्यात बसवायची.

सातवी पायरी: कालबाह्य वस्तू

'ओल्ड-फॅशन्ड' म्हणजे जुन्या धाटणीचं. हे प्रेमानेही म्हणता येतं. 'आउटडेटेड' म्हणजे काळाच्या मागे पडलेलं, आणि यात नापसंती आहे. 'ऑब्सोलीट' म्हणजे वापरातून गेलेलं, सुटे भाग मिळत नाहीत असं. फ्लॉपी डिस्क 'ऑब्सोलीट', पितळी बंब 'ओल्ड-फॅशन्ड'. जुन्या धाटणीचं पण आत्ताच बनवलेलं ते 'रेट्रो'. दुकानातला नवा चकचकीत ग्रामोफोन 'रेट्रो' असतो, 'विंटेज' नसतो, आणि किमतीत मोठा फरक पडतो. 'ॲज ओल्ड ॲज द हिल्स' वगैरे म्हणी गप्पांत बोला, जाहिरातीत लिहू नका.

आठवी पायरी: स्वयंपाकघर

इथे 'ओल्ड' जवळजवळ टाळाच. शिळा पाव 'स्टेल', पण कालच्या पोळीभाजीला 'लेफ्टओव्हर्स' म्हणा. 'स्टेल' म्हटलं की खराब झाल्याचा वास येतो, आणि सकाळी फोडणीची पोळी करायची असेल तर ती काही खराब झालेली नसते. दूध नासलं तर 'द मिल्क हॅज गॉन ऑफ', शेंगदाणे किंवा तूप खवट झालं तर 'रॅन्सिड', बिस्किटं सादळली तर 'द बिस्किट्स हॅव गॉन सॉफ्ट'. पाकिटावर 'बेस्ट बिफोर' असेल तर त्या तारखेनंतर चव कमी होते, 'यूज बाय' असेल तर त्या तारखेनंतर खायचंच नाही.

आणि जुना तांदूळ? आंबेमोहोराचा वर्षभर मुरलेला तांदूळ 'ओल्ड राइस' म्हणून सांगितला तर पाहुणा ताटाकडे संशयाने बघेल. त्याला 'एज्ड राइस' म्हणायचं. उच्चार 'एज्ड', एका दमात. 'एजिड' हा उच्चार वृद्ध माणसांबद्दल बोलताना करतात. 'धिस राइस हॅज बीन एज्ड फॉर अ इयर, सो द ग्रेन्स डोन्ट स्टिक' एवढं सांगा आणि वाढा.